सरड्याची तहान

मराठी भाषेने सरड्याला फारसा मान दिलेला नाही. एखाद्याची कुवत तोकडी आहे असे सुचवावयाचे झाले की आपण सरड्याची धाव कुंपणापर्यंत असल्याची आठवण करून देतो, आणि एखाद्याच्या निष्ठेचा भरवसा वाटेनासा झाला की त्याला सरड्याचे रंग चिकटवून मोकळे होतो. गाय, कुत्रा, चिमणी, इतकेच काय पण मुंगीलाही आपल्या गोष्टींतून आणि गाण्यांतून घर मिळाले. सरड्याच्या वाट्याला आला तो उनाड पोरांच्या हातातला दगड. वस्तुतः सरड्याने आपले काहीच बिघडवलेले नाही. त्याचा अपराध एवढाच, की त्याच्या चेहऱ्यावर आपल्याला ओळखीचे असे काही सापडत नाही. कुत्रे विव्हळते, वासरू हंबरते, मांजर पायाला अंग घासते. सरडा मात्र दुखले तरी ओरडत नाही आणि सुखावला तरी तसे दाखवीत नाही.

म्हणूनच भूतदयेची परीक्षा पाहावयाची असेल तर ती सरड्यापाशी पाहावी, असे मला वाटते. आपल्यासारख्या दिसणाऱ्या जीवाविषयी वाटणारा कळवळा हा बऱ्याच अंशी आपल्या स्वतःविषयीचाच कळवळा असतो. परंतु ज्याच्याशी आपले काही साम्य नाही, जो आपल्याला काही सांगू शकत नाही आणि आपले उपकार कधी ओळखणारही नाही, अशा जीवाची तहान आपल्याला कळते काय, आणि कळली तर ती भागविण्यासाठी आपल्याला काय शिकावे लागते, हा प्रश्न वरवर दिसतो त्याहून गंभीर आहे.

विचार हवेत राहू नये म्हणून एक विशिष्ट प्राणी डोळ्यांसमोर ठेवू. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील रुक्ष, झुडपाळ माळांवर एक सरडा राहतो. इंग्रजीत त्याला ‘बिअर्डेड ड्रॅगन’ म्हणतात. आपण त्याला दाढीवाला सरडा म्हणू. एर्न्स्ट आल या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने १९२६ साली त्याचे वर्णन केले. शेपटीसह त्याची लांबी दीड-दोन फूट आणि चांगल्या पोसलेल्या प्रौढ प्राण्याचे वजन तीनशे ते पाचशे ग्रॅम भरते. गळ्याभोवती काट्यांसारख्या खवल्यांची झालर असते. भीती किंवा राग आला की ती फुगते, काळी पडते आणि स्वारी दाढी राखलेल्या तापट म्हाताऱ्यासारखी दिसू लागते. ऑस्ट्रेलिया आपल्या वन्यप्राण्यांची व्यापारासाठी जिवंत निर्यात होऊ देत नाही. तथापि पूर्वी कधीतरी बाहेर गेलेल्या थोड्या प्राण्यांची प्रजा युरोप-अमेरिकेतील पेट्यांतून वाढत गेली, आणि स्वभावाने शांत असल्यामुळे हा सरडा आज जगभर हौसेने पाळला जातो. ही हौस आता आपल्याकडेही आली आहे. चेन्नई, बंगळूर, मुंबई येथील विमानतळांवर आग्नेय आशियातून आलेल्या प्रवाशांच्या सामानात परदेशी सरपटणारे प्राणी सापडल्याच्या बातम्या अलीकडे वारंवार वाचावयास मिळतात.

हौस संपली की प्राण्याचे हाल सुरू होतात. उष्णतेचा दिवा बिघडला, तो बदलावयाचा राहून गेला. पाण्याची वाटी कोरडी पडली, ती कोणी पाहिली नाही. मुलाची परीक्षा आली आणि पेटी गच्चीवरच्या खोलीत गेली. किंवा असे काही न होता प्राणी कापडी पिशवीत बांधला जाऊन तासन् तास प्रवास करीत राहिला. अशा अवस्थेतून सोडवलेला सरडा हाती येतो तेव्हा त्याचे डोळे खोल गेलेले असतात. कातडी चिमटीत धरली तर घडी तशीच राहते. तोंडातली लाळ चिकट होऊन तिच्या तारा निघतात. शेपटीच्या बुडाशी हाडे वर आलेली असतात. विष्ठेसोबत जो युरिक आम्लाचा भाग बाहेर पडतो, तो निरोगी स्थितीत पांढरा आणि मऊ असतो. तो पिवळा, नारिंगी, खडूसारखा कडक झालेला असतो. पाणी वाचविण्यासाठी निसर्गाने या प्राण्याला दिलेली ही युक्ती पाणी फारच कमी पडले की त्याच्यावर उलटते. तेच आम्ल मूत्रपिंडात आणि सांध्यांत साठू लागते.

आता अशा वेळी कोणाही सहृदय माणसाच्या मनात पहिला विचार येतो तो खाऊ घालण्याचा. हाडे दिसत आहेत, तेव्हा अन्न द्यावे. दुसरा विचार पाण्याचा; तहानलेला आहे, तेव्हा तोंड उघडून पाणी ओतावे. हे दोन्ही विचार मनाच्या चांगुलपणातूनच येतात, आणि दोन्ही त्या प्राण्याचा जीव घेऊ शकतात.

सरड्याच्या शरीरातली चूल बाहेरून पेटते. आपल्याप्रमाणे तो स्वतःची उष्णता स्वतः निर्माण करीत नाही. गारठलेल्या सरड्याचे जठर जवळजवळ थांबलेले असते. त्यात घातलेले अन्न पचत नाही, ते पडून कुजते. गिळण्याचे त्राण नसलेल्या प्राण्याच्या तोंडात ओतलेले पाणी पोटात न जाता श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. म्हणून पहिली पायरी उबेची, आणि तीही बेताबेताने. कारण आटलेल्या शरीराला एकदम कडक उष्णता दिली तर उरलेले पाणीही उडून जाते. अंग हळूहळू त्याच्या स्वाभाविक तपमानाकडे, म्हणजे पस्तीस अंश सेल्सिअसच्या आसपास आणावयाचे. मग पाणी. नाकाच्या शेंड्यावर एकेक थेंब ठेवावा आणि त्याने जीभ बाहेर काढण्याची वाट पाहावी. कोपरापर्यंतच येईल इतक्या उथळ, कोमट पाण्यात त्याला दहापंधरा मिनिटे उभे करावे, आणि तेवढा वेळ तेथून हलू नये. अशक्त प्राणी बोटभर पाण्यातही बुडतो. अवस्था बिकट असेल तर पशुवैद्य कोमट केलेला क्षारद्रव कातडीखाली टोचतो. त्याचे नेहमीचे प्रमाण किलोमागे दिवसाला दहा ते तीस मिलिलिटरच्या घरात असते. दोनशे ग्रॅमवर आलेल्या सरड्याला याचा अर्थ दोन ते सहा मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक चमचा भरेल न भरेल एवढे पाणी. एका जिवाचे सारे भवितव्य त्या चमच्यात असते.

आणि अन्न सर्वांत शेवटी. शरीरात पाणी मुरले, डोळे थोडे वर आले, विष्ठेतला पांढरेपणा परत दिसू लागला, म्हणजे मग पातळ केलेले खाद्य, तेही गरजेच्या काही अंशानेच, आणि पुढे दिवसादिवसाने वाढवीत. रोज त्याच वेळी वजनकाट्यावर ठेवून आकडा टिपून ठेवावा. आठवडाभरात तो आकडा चारपाच ग्रॅमनी वाढला तरी ती मोठीच गोष्ट समजावी. हाडांसाठी सूर्यप्रकाशातील अतिनील किरण किंवा त्यासाठी बनवलेला खास दिवा लागतो, तो निराळाच. आणि प्रत्येक वेळी स्वतःचे हात साबणाने धुवावयाचे, कारण या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असू शकतात. एवढे सगळे करूनही प्राणी वाचेलच याची हमी नसते.

उपाशी शरीराला एकदम जेवू घालू नये, हा नियम केवळ सरड्यापुरता नाही. माणसाच्या बाबतीत तो फार मोठी किंमत देऊन शिकावा लागला. १९४५ च्या एप्रिलमध्ये ब्रिटिश सैन्य जर्मनीतील बेर्गेन-बेल्झेन येथील छळछावणीत शिरले, तेव्हा सैनिकांनी समोरच्या अस्थिपंजर माणसांना आपल्या शिध्यातले अन्न मोकळ्या हाताने देऊन टाकले. ते अन्न त्यांच्या शरीरांना सोसण्यासारखे नव्हते. कित्येकांना ते बाधले आणि काहींचा त्यात अंत झाला. पुढे तेथे जे पातळ मिश्रण देण्यात आले त्याचे नाव ‘बंगाल दुष्काळ मिश्रण’ असे होते. १९४३ च्या बंगालमधील उपासमारीत ते वापरले गेले होते. दीर्घ उपवासानंतर अन्न मिळताच रक्तातील फॉस्फरस आणि पोटॅशियम झपाट्याने पेशींत ओढले जातात आणि हृदयच बंद पडू शकते, हे आज वैद्यकाला माहीत आहे. त्या छावणीतल्या माणसांच्या यातनेशेजारी एका सरड्याची उपासमार ठेवावी असा माझा हेतू मुळीच नाही. सांगावयाचे एवढेच, की देणाऱ्याचे अंतःकरण कितीही शुद्ध असले तरी घेणाऱ्याच्या शरीराचे नियम त्यामुळे बदलत नाहीत.

येथे दयेच्या स्वरूपातली एक अडचणीची गोष्ट उघडी पडते. दुःख पाहिले की आपल्याला वेदना होते, आणि ती वेदना असह्य असते. ती थांबावी म्हणून आपण काहीतरी करतो. पुष्कळ वेळा दानामागची घाई ही दुसऱ्याचे दुःख लवकर संपावे म्हणून नसते. ते पाहण्याचे आपले दुःख लवकर संपावे म्हणून असते. भरलेली ताटली पुढे ठेवली की आपल्याला हलके वाटते. थेंब ठेवून वाट पाहण्यात तसे हलके वाटत नाही. तेथे आपली अस्वस्थता आपल्याजवळच ठेवून घ्यावी लागते, आणि तिचा उपसर्ग त्या प्राण्याला होऊ द्यावयाचा नसतो. मला वाटते, दया आणि दयेचा उमाळा यांतला फरक नेमका हाच आहे.

एकनाथांची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. काशीहून रामेश्वरासाठी आणलेल्या गंगेची कावड त्यांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिकामी केली. या कथेचे तात्पर्य सांगताना आपण नेहमी गाढवातही ईश्वर पाहण्याच्या दृष्टीची थोरवी सांगतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या गाढवाला पाणी पिता येत होते, हेही विसरता कामा नये. जेथे समोरचा जीव पाणी पिण्याच्याही पलीकडे गेलेला असतो, तेथे कावड रिकामी करण्याचे औदार्य पुरत नाही. तेथे कावडीतले एकेक पळीभर पाणी मोजून देण्याचा संयम लागतो, आणि किती, केव्हा, कोणत्या मार्गाने द्यावयाचे याचे ज्ञान लागते. भूतदयेला ज्ञानाची जोड हवी, हे ऐकावयास रुक्ष वाटते. परंतु अज्ञानी दयेची फळे भोगणारा जीव दुसराच असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे ते रुक्ष वाटणार नाही.

बरे, एवढे करून मिळते काय? कुत्र्याने शेपूट हलविली की श्रमाचे सार्थक होते. दाढीवाला सरडाही कधी कधी पुढचा एक पाय उचलून सावकाश गोल फिरवितो, आणि पाहणाऱ्याला वाटते, हा आपल्याला नमस्कार करीत आहे. प्राणिशास्त्र सांगते की ती शरणागतीची खूण आहे. मोठ्या, बलवान प्राण्यापुढे दुबळ्याने ‘मी भांडत नाही’ असे सांगावयाची ती रीत आहे. बरा झालेला सरडा छातीवर येऊन निवांत पडतो, तेव्हा आपल्याला जिव्हाळा जाणवतो. त्याला बहुधा आपल्या अंगाची ऊब जाणवत असते. ज्याला आपण कृतज्ञता म्हणतो तिचे नाणे या व्यवहारात चालत नाही.

याचा अर्थ तो आतून दगड आहे असा मात्र नव्हे. त्याच्या टाळूवर प्रकाश जाणणारा एक तिसरा डोळा असतो. वरून पडलेली सावली त्याला त्यामुळे कळते. २०१६ साली फ्रांकफुर्ट येथील माक्स प्लांक मेंदूसंशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी झोपलेल्या दाढीवाल्या सरड्यांच्या मेंदूतील विद्युत्‌लहरी नोंदविल्या, तेव्हा सस्तन प्राण्यांत आणि पक्ष्यांत आढळतात तशा झोपेच्या दोन अवस्था त्यांच्यातही आलटून पालटून येतात असे दिसून आले. तो स्वप्ने पाहतो असे यावरून म्हणता येणार नाही. परंतु त्या निर्विकार मुखवट्यामागे काहीच चालत नाही, असेही आता म्हणवत नाही. बेंथमने १७८९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात प्राण्यांविषयीचा खरा प्रश्न त्यांच्या बुद्धीचा वा वाणीचा नसून त्यांना यातना होतात की नाही हा आहे, असे बजावले होते. सरड्याला यातना होतात. फक्त त्या वाचण्याची लिपी आपल्याला चेहऱ्यावर मिळत नाही. ती कातडीच्या घडीत, लाळेच्या तारेत आणि विष्ठेच्या रंगात शोधावी लागते.

यापुढे एक आणखी बिकट प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. प्रौढ दाढीवाला सरडा पालापाचोळा, फुले, भाज्या पुष्कळ खातो. परंतु खंगलेल्या आणि विशेषतः लहान प्राण्याला अंग भरण्यासाठी किडे लागतात. रातकिडे, झुरळे, अळ्या. म्हणजे एका जिवाला वाचवावयाचे तर शेकडो जीव मोजून त्याच्यापुढे ठेवावे लागणार. अल्बर्ट श्वाइत्झरने आपल्या १९३१ सालच्या आत्मकथनात हाच पेच मांडला आहे. आफ्रिकेत त्याने मासेमारी करणाऱ्या गरुडाचे एक पिल्लू लोकांच्या हातून सोडविण्यासाठी विकत घेतले. आता ते उपाशी मरू द्यावयाचे, की त्याच्यासाठी रोज लहान मासे मारावयाचे? त्याने मासे मारण्याचे ठरविले, आणि त्या प्रत्येक मरणाची जबाबदारी आपली आहे हे शल्य रोज उरी बाळगले. जीवमात्राविषयी आदर बाळगा असे जगाला सांगणाऱ्या या माणसाने त्या प्रश्नाचे सोयीचे उत्तर शोधले नाही, हेच मला त्याच्या उपदेशाहून अधिक मोलाचे वाटते. आपणही शोधू नये. किड्याचा जीव क्षुद्र, म्हणून तो हिशेबात धरावयाचा नाही, असे म्हणताच आपण सरड्याविषयी इतर लोक जे म्हणतात तेच म्हणू लागतो. सुटका करणे म्हणजे निष्पाप राहणे नव्हे. एक जीव हाती घेतला की त्याच्या भुकेचे पापही हाती येते.

व्यवहारी माणूस यावर विचारील, ज्या देशात माणसांच्या मुलांना पुरेसे अन्न मिळत नाही, तेथे सरड्यासाठी दिवे आणि पशुवैद्य कशाला? हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. शक्ती आणि पैसा मर्यादित असतो आणि माणसाच्या मुलाचा हक्क पहिला, हे मान्यच केले पाहिजे. परंतु दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. रानात दुष्काळाने मरणारा सरडा आणि पेटीत तहानेने मरणारा सरडा यांत फरक आहे. रानातला सरडा स्वतःच्या बळावर जगतो. पाऊस आला की मागचे अंग उंच आणि डोके खाली करून उभा राहतो, आणि पाठीवरून ओघळणारे पाणी चाटून घेतो. पेटीतल्या सरड्याला ना पाऊस असतो, ना धावण्यासाठी कुंपणापर्यंतची जागा. त्याची तहान माणसाने निर्माण केली आहे. तेव्हा तिला पाणी देणे हा दानाचा प्रश्न उरत नाही, तो देणे फेडण्याचा प्रश्न होतो. आणि दुसरे असे, की माणसाच्या मुलाचे अन्न सरडा खात नाही. ते जे खातात त्यांना प्रश्न विचारण्याचे टाळावयाचे असले, म्हणजेच बहुधा सरड्याचा खर्च डोळ्यांत येतो.

आपल्यापैकी पुष्कळजण परप्रांतात शासकीय सेवेत आहेत. सीमाशुल्क, पोलीस, वन, रेल्वे अशा खात्यांत ज्यांचे आयुष्य गेले त्यांना ‘सुटका’ या शब्दाचा कार्यालयीन अर्थ चांगला ठाऊक आहे. पिशवी उघडली, नग मोजले, पंचनामा झाला, सह्या झाल्या. कागदावर प्रकरण तेथे पूर्ण होते. जप्त झालेला प्राणी हा मुद्देमाल असतो. सोन्याच्या बिस्किटाला मात्र तहान लागत नाही आणि सरड्याला लागते, हा फरक नोंदविण्यासाठी रकाना नसतो. मग पुष्कळदा असे प्राणी ज्या देशातून विमान आले त्या देशी परत धाडले जातात. नियमाच्या दृष्टीने ते बरोबरही असेल. परंतु बँकॉकच्या विमानातून आलेला दाढीवाला सरडा थायलंडचा नसतो, आणि पिढ्यान् पिढ्या पेटीत जन्मलेला असल्यामुळे तो ऑस्ट्रेलियाचाही उरलेला नसतो. बदलीच्या गावी राहणाऱ्या माणसाला निदान रजा मिळाल्यावर जावयाला एक गाव असते. याला तेही नाही. त्याला मोकळा सोडावा असे रान त्याच्यासाठी कोठेच नाही. म्हणून त्याची खरी सुटका म्हणजे आणखी आठदहा वर्षे कोणीतरी रोज त्याचा दिवा लावणे, त्याची वाटी भरणे, त्याचे वजन पाहणे. सुटकेचा क्षण बातमीत येतो; ही वर्षे येत नाहीत.

सत्कर्माविषयीची आपली कल्पना बहुतेक वेळा क्षणाची असते. कावड रिकामी होण्याचा तो उत्कट, तेजस्वी क्षण. त्या क्षणाला माझा प्रणाम आहे. परंतु जगातील पुष्कळसे दुःख अशा क्षणांनी हटत नाही. ते हटते ते रोजच्या, बेताच्या, कोणी न पाहिलेल्या मापाने. आजारी आईच्या उशाशी बसून चमच्याने पेज भरविणाऱ्यांना हे सांगावयास नको. दुष्काळी कामावर शिधा मोजून देणाऱ्या प्रामाणिक कारकुनालाही नको. तीच रीत एका अनोळखी, मुक्या, उपकार न ओळखणाऱ्या प्राण्यापर्यंत नेता येते की नाही, एवढाच प्रश्न आहे. आपल्या म्हणीने सरड्याची धाव कुंपणापर्यंत ठरवून टाकली. आपल्या दयेची धाव कोठपर्यंत आहे, याचे उत्तर त्या चहाच्या चमच्याएवढ्या पाण्याने द्यावयाचे आहे.